ज्यो नावाचा चौकोन आणि १७ न सुचणाऱ्या कल्पना

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, म्हणजे आपापली माहिती बाळगणाऱ्या आणि सांगितलेलं काम करणाऱ्या वस्तूंमधून (ऑब्जेक्टमधून) प्रोग्रॅम रचण्याची पद्धत, नवख्यांना कसं शिकवायचं हा वाद जावा ही भाषा आल्यावर सुरू झाला, असा एक समज आहे. प्रत्यक्षात ही पद्धत जिथे वाढली तिथेच हा प्रश्न उभा राहिला होता, आणि तोही तिच्या कर्त्यांपुढे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे, झेरॉक्सच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात, अॅलन के यांच्या गटाने स्मॉलटॉक ही भाषा घडवली. ती त्यांनी आधी शाळकरी मुलांना शिकवून पाहिली आणि मग प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेल्या मोठ्या माणसांना. मुलांनी थक्क करून सोडलं. मोठी माणसं सुरुवातीला मुलांपेक्षाही वेगाने पुढे गेली आणि एका साध्या कार्डांच्या पेटीपाशी येऊन अडकली ती अडकलीच.

के यांनी ही फसगत लपवली नाही. १९९३ मध्ये स्मॉलटॉकचा इतिहास लिहिताना त्यांनी ती सविस्तर नोंदवली. मी नव्या पोरांना जावा शिकवतो. आमच्या वर्गात गाडी जिथे रुतते, ती पन्नास वर्षांपूर्वी तिथेच रुतली होती, म्हणून हे प्रकरण इथे सबंध मांडतो आहे.

आधीची गोष्ट, थोडक्यात

क्लास (वस्तूंचा साचा) आणि ऑब्जेक्ट (त्या साच्यातून घडलेली एकेक वस्तू) या कल्पना त्याआधीच नॉर्वेत तयार झाल्या होत्या. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी सिम्युला ६७ या भाषेत त्या आणल्या. पण सिम्युला होती सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या घडामोडींची कॉम्प्युटरवर नक्कल, करणाऱ्या जाणकारांसाठी. के यांच्या डोक्यात वेगळंच होतं. १९६८ मध्ये, मुलांसाठीच्या लोगो भाषेच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या सीमोर पॅपर्ट यांच्याकडे, लहान मुलं त्या भाषेत प्रोग्रॅम लिहिताना त्यांनी पाहिली होती, आणि तेव्हापासून मुलांच्या हातात मावेल असा कॉम्प्युटर हे त्यांचं वेड झालं होतं. के यांच्या शिक्षणात गणिताबरोबर जीवशास्त्रही होतं. ऑब्जेक्ट म्हणजे एक पेशी, तिचं आतलं तिच्यापाशी, बाहेरच्यांनी फक्त निरोप पाठवायचे, ही त्यांची मांडणी तिथून आली.

१९७२ मध्ये के यांच्या गटातल्या डॅन इंगल्स यांनी स्मॉलटॉकची पहिली आवृत्ती बेसिक या भाषेत लिहून चालवून दाखवली. तीन अधिक चार करायलाही ती बराच वेळ घेई. १९७३ मध्ये पार्कमध्येच आल्टो हा कॉम्प्युटर तयार झाला. त्याला माऊस होता आणि पडद्यावरचा ठिपका न् ठिपका हवा तसा काळा किंवा पांढरा करता येत होता. ज्या काळात बहुतेक विद्यार्थी प्रोग्रॅम कार्डांवर छिद्रं पाडून देत आणि उत्तर कागदावर छापून यायची वाट पाहत, त्या काळात ही मुलं माऊस धरून बसली होती. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढच्या यशातला काही वाटा यंत्राचाही आहे.

ज्यो

१९७३ मध्येच अॅडेल गोल्डबर्ग पार्कमध्ये आल्या. कॉम्प्युटर आणि शिक्षण हाच त्यांचा विषय. जवळच्या जॉर्डन मिडल स्कूलमधली मुलं यायला लागली तेव्हा के यांना लोगोसारखा कासवापासून, म्हणजे हुकूम देऊन रेघा काढून घ्यायच्या त्या खेळण्यापासून, आरंभ करता आला असता. गोल्डबर्ग यांनी त्याऐवजी एक चौकोन निवडला.

मुलाने पहिल्यांदा 'बॉक्स' या क्लासला सांगायचं: नवीन एक दे, नाव 'ज्यो'. पडद्यावर चौकोन उमटतो. मग:

ज्यो टर्न ३०

चौकोन ३० अंशांनी फिरतो.

ज्यो ग्रो -१५

चौकोन आक्रसतो. मग दुसरा चौकोन मागायचा, नाव 'जिल'. जिलला फिरव म्हटलं की जिल फिरते, ज्यो ढिम्म. त्यानंतर दोघांना एका लूपमध्ये टाकायचं, ज्यो दर फेरीला ११ अंश आणि जिल १२ अंश. दोघं पडद्यावर गरगर फिरत राहतात आणि हळूहळू एकमेकांच्या मागेपुढे होतात.

इथपर्यंत मुलाने एकही क्लास लिहिलेला नाही. व्याख्या ऐकलेली नाही. तरी त्याच्यापाशी काय काय जमा झालं ते पाहा. वस्तूला नाव असतं. तिला काही सांगता येतं. तिने ते कसं करायचं हे तिचं तिला ठाऊक असतं. एकाच जातीच्या दोन वस्तू वागतात सारख्या, पण प्रत्येकीची अवस्था आपापली. आपल्याकडे 'क्लास आणि ऑब्जेक्ट यांतला फरक लिहा' या प्रश्नाला जी चार वाक्यं अपेक्षित असतात, ती या मुलांनी डोळ्यांनी पाहिली होती.

मग झाकण उघडायचं. बॉक्सच्या व्याख्येत चार गोष्टी लक्षात ठेवलेल्या असतात: आडवी जागा, उभी जागा, आकार आणि कल. 'टर्न' आलं तर काय करायचं? आधी स्वतःला पुसायचं, कल बदलायचा, पुन्हा स्वतःला काढायचं. 'ग्रो' आलं तरी तेच, फक्त कलाऐवजी आकार बदलायचा. एवढंच. मुलं ही व्याख्या वाचत आणि तिच्यात भर घालत. चौकोन सरकवता येत नाही का? मग 'मूव्ह' तूच लिही. पुसणं आणि काढणं आधीच आहे, मधली एक ओळ तेवढी तुझी.

मला या पाठातलं सगळ्यात हुशार पाऊल हेच वाटतं. पहिला क्लास मुलाने कोऱ्या पानावर लिहिलेला नाही. त्याने चालता क्लास वापरला, उघडला, वाचला आणि मग त्याला हात लावला. आमच्याकडे दुसऱ्याच आठवड्यात 'स्टुडंट नावाचा क्लास लिहा, त्यात रोल नंबर आणि नाव घ्या' असं फळ्यावर येतं. त्या बिचाऱ्या स्टुडंटला करायला काहीच काम नसतं. नाव साठवतो आणि नाव छापतो.

आणखी एक बाब शिक्षकांनी नीट पाहावी. स्मॉलटॉक ७२ मध्ये इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याचे गुण वारशाने घेणं, नव्हतंच. सिम्युलात ते होतं आणि के यांना ते ठाऊक होतं, पण आपल्याला ते पुरतं समजेपर्यंत भाषेत नको, म्हणून त्यांनी ते मुद्दाम बाहेर ठेवलं. १९७६ च्या आवृत्तीत इंगल्स यांनी ते आणलं. म्हणजे ज्या वर्गातून ऑब्जेक्टची शिकवणी सुरू झाली, त्या वर्गातल्या मुलांना 'प्राणी, मग कुत्रा, मग भुंकणं' ही साखळी कुणी शिकवली नाही. आज चार खांबांचा (एन्कॅप्सुलेशन, अॅबस्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम) पाढा म्हणून घेणाऱ्या कोणत्याही शिकवणीच्या क्लासमध्ये जा, इनहेरिटन्स आणि त्याचे पाच प्रकार यांना सर्वांत जास्त तास मिळालेले दिसतील. व्हायवाला प्रश्न सोपा पडतो ना!

मुलांचं यश आणि त्यावरचा डाग

निकाल खरोखर चकित करणारे होते. एका बारा वर्षांच्या मुलीने चित्र काढण्याचा प्रोग्रॅम लिहिला. दुसऱ्या एका मुलीने, तीही बाराचीच, आकृत्या जुळवण्याचं साधन केलं. त्यात काढलेली आकृती हा ऑब्जेक्टच असे, ती मागाहून उचलून हलवता येई. पंधरा वर्षांच्या एका मुलाने विद्युत मंडलं आखण्याची व्यवस्था उभी केली. ब्रूस हॉर्न याच गटातला शाळकरी पोरगा. पुढे तो अॅपलमध्ये गेला आणि मॅकिंटॉशच्या फाइंडरच्या (फायली दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कर्त्यांपैकी एक झाला.

इथे थांबलो असतो तर ही कौतुकाची गोष्ट झाली असती, आणि बहुतेक ठिकाणी ती तेवढीच सांगितली जाते. के यांनी मात्र आपल्याच यशाकडे शंकेने पाहिलं. पालो आल्टोची शाळा म्हणजे काही सर्वसाधारण शाळा नव्हे. शिवाय कोणत्याही विद्येत सुमारे पाच टक्के माणसं अशी निघतात की ती त्यात आपसूक शिरतात. उरलेल्यांपैकी बहुतेकांना ती विद्या जमते, पण वेळ लागतो आणि ती त्यांना मुळीच नैसर्गिक वाटत नाही. आपण त्या पाच टक्क्यांच्या करामतींना पद्धतीचं यश समजलो की काय, असा त्यांचा सवाल होता. आपल्या क्लासेसच्या दारावर लागलेले प्लेसमेंटचे फोटो पाहताना मला हा सवाल हमखास आठवतो.

कार्डांची पेटी

मग पार्कमधल्याच प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या वीसेक मोठ्या माणसांचा वर्ग घेतला. सुरुवातीचा भाग त्यांनी मुलांपेक्षा लवकर संपवला. आता फत्ते, असं वाटत असतानाच ती माणसं आपटायला लागली, आणि तीही के यांना फारशा अवघड न वाटणाऱ्या प्रश्नांवर.

त्यातला एक प्रश्न वर्गातल्याच कुणीतरी सुचवला होता. टेबलावर लोकांची नावं-पत्ते लिहिलेल्या फिरत्या कार्डांची पेटी असते, तशी एक छोटी माहितीपेटी करायची. कार्ड घाल, कार्ड शोध, एवढंच तिचं काम. कुणालाही ते जमेना, जवळपासही फिरकता येईना. सामान्य वापरणाऱ्याचा प्रोग्रॅम दोन पानांत बसला पाहिजे असं गटाचं गृहीतक होतं आणि हा तर त्याहून लहान होता. के यांनी रात्री बसून तो लिहिला आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर सगळ्यांना समजावून दिला. तरीही स्वतःहून तो कुणाला लिहिता आला नाही.

वर्ग संपल्यावर के त्याच फळ्यासमोर बसून राहिले आणि त्या एवढ्याशा प्रोग्रॅममध्ये सहज सुचणार नाहीत अशा कल्पना किती, ते मोजायला लागले. भरल्या १७. त्यातल्या काही इमारतीतल्या कमानीसारख्या होत्या: एकदा पाहिली की उघड आणि सोपी, पण न पाहता शोधून काढणं महाकठीण.

असल्या कल्पना असतात कशा? आमच्या वर्गात मी हीच पेटी वाचनालयाच्या रूपात देतो, कारण फिरत्या कार्डांचं ते टेबलावरचं यंत्र मुलांनी पाहिलेलं नसतं आणि तालुक्याचं वाचनालय मात्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं. पुस्तकं, सभासद, देवघेव. भाषा सगळ्यांना येत असते, लूप येतात, अॅरेलिस्ट (जावातली यादी) येते.

पहिली अडचण: शोधायचं कुणी? दहातले नऊ जण मेनमध्ये, म्हणजे जिथून प्रोग्रॅम सुरू होतो त्या भागात, लूप लावतात, प्रत्येक पुस्तकाकडून गेटरने (आतली माहिती बाहेर देणाऱ्या तुकड्याने) नाव काढून घेतात आणि बाहेरच तुलना करतात. चालतं. पण मग वाचनालय नावाच्या क्लासला उद्योग काय? आणि उद्या नाव शोधताना ऱ्हस्व-दीर्घाची चूक माफ करायची ठरली तर ती सोय कुठे लिहायची? पुस्तकालाच विचारावं, 'हे तुझंच नाव का?', आणि त्याने हो-नाही सांगावं, हे सुचत नाही. प्रायव्हेट लिहिलेलं असतं, गेटर-सेटर असतात, एन्कॅप्सुलेशनची (वस्तूचं आतलं तिच्यापाशीच झाकून ठेवण्याची) व्याख्या तोंडपाठ असते. तरी सगळी अक्कल मेनमध्ये आणि ऑब्जेक्ट म्हणजे नुसती पिशवी.

दुसरी: सापडलं नाही तर काय परत करायचं? दोन सापडली तर? म्हणजे उत्तर एक पुस्तक नाही, पुस्तकांची यादी आहे, आणि ती रिकामीही असू शकते. 'काहीच न सापडणं' हेही एक धड उत्तर असतं, ही कल्पना माणसाला आपसूक येत नाही.

तिसरी मला सगळ्यांत आवडते. मुलं पुस्तक क्लासमध्ये 'कुणी नेलं' असं एक खातं ठेवतात. मी विचारतो, एकाच कादंबरीच्या तीन प्रती असल्या तर? कुणी म्हणतं, पुस्तकाचे तीन ऑब्जेक्ट करू. मग लेखकाचं नाव दुरुस्त करायचं झालं तर तीन ठिकाणी? कुणी म्हणतं, शिल्लक मोजणारा आकडा ठेवू. मग कोणती प्रत कुणाकडे आहे आणि कुणाच्या हातून फाटली, हे कसं कळणार? बराच गोंधळ झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं की पुस्तक आणि प्रत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. लेखक आणि शीर्षक पुस्तकाचं, दाखल क्रमांक आणि नेणारा सभासद प्रतीचा. वाचनालयातल्या काकांना हे विचारलं असतं तर त्यांनी दाखल क्रमांकांची वही पुढे केली असती. त्यांच्याकडे हे भेद कधीपासूनच आहेत. मुलांकडे जावा आहे, पण हे भेद नाहीत.

के यांचा निष्कर्षही याच बाजूचा होता. लिहिता-वाचता येणं एक आणि विचार रचून मांडता येणं दुसरं. ठरावीक टप्प्यापुढे कल्पनांची रचना हीच मुख्य गोष्ट होते, भाषेचं ज्ञान मागे पडतं. मोठी माणसं भाषेचा टप्पा झपाट्याने ओलांडून गेली होती. दुसरा टप्पा आहे याची वर्गात कुणाला कल्पनाच नव्हती, शिकवणाऱ्यांनाही.

गोल्डबर्ग यांचा उपाय

गोल्डबर्ग यांनी मधली पायरी घातली. डोक्यातली धूसर कल्पना आणि चालता कोड यांच्यामध्ये एक आराखडा. त्यावर लिहायचं: या प्रसंगात कोण कोण आहे, कुणाला कोणते निरोप येतील, त्यासाठी त्याने काय लक्षात ठेवायला हवं. मेथडच्या (निरोप आल्यावर चालणाऱ्या कोडच्या) आत काय होणार याची फिकीर आत्ता नाही. ते नंतर रोजच्या भाषेत दोन ओळींत टिपायचं, आणि त्याच टिपणांवर बोट ठेवून कोड लिहायचा.

याने फरक पडला, चांगलाच पडला. पण गोल्डबर्ग समाधानी नव्हत्या. काहीच मुलं यशस्वी होत असतील, आणि त्यासाठीही मुलं व शिक्षक दोघांना जिवाचं रान करावं लागत असेल, तर याला यश कसं म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याच उपायाबद्दल इतकं रोखठोक बोलणारी माणसं शिक्षणक्षेत्रात कमीच.

पुढे काय झालं हे सांगण्यात फार दम नाही. स्मॉलटॉक ७६ वेगवान आणि मजबूत झाली. स्मॉलटॉक ८० तर व्यावसायिक प्रोग्रॅमरांसाठीच बाहेर पडली. मुलांचा धागा मागे पडला, तो वीसेक वर्षांनी स्क्वीक या स्मॉलटॉकच्याच नव्या अवतारातून पुन्हा वर आला, आणि मुलांसाठीच्या स्क्रॅच या भाषेच्या सुरुवातीच्या आवृत्त्या त्याच स्क्वीकमध्ये लिहिल्या गेल्या. स्क्रॅचमधली ती नारिंगी मांजर फिरवणारी आपल्याकडची मुलं नात्याने ज्योच्याच घरातली.

आराखड्याची कल्पना मात्र दुसऱ्या नावाने परतली. १९८९ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी सीआरसी (क्लास, रिस्पॉन्सिबिलिटी, कोलॅबोरेटर) कार्डं मांडली, आणि तीही ऑब्जेक्टचा विचार शिकवण्यासाठीच. हातात मावणारं एक कार्ड, वर क्लासचं नाव, एका बाजूला त्याच्या जबाबदाऱ्या, दुसऱ्या बाजूला तो कुणाकुणाची मदत घेतो ते. कार्ड लहान असण्यातच मेख आहे. जबाबदाऱ्या मावेनाशा झाल्या की क्लास फोडायची वेळ आली, हे न शिकवता कळतं.

आपल्या वर्गात

जावाचा पहिला प्रोग्रॅम गेली कित्येक वर्षं बदनाम आहे. 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' म्हणजे काय, असं पोराने विचारलं की 'ते नंतर कळेल, आत्ता नुसतं लिही' असं सांगावं लागतं. ऑब्जेक्टची भाषा शिकवताना पहिल्याच ओळीत स्टॅटिक, म्हणजे ज्याला ऑब्जेक्ट लागतच नाही ते! मायकल कोलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लूजे हे साधन याच कारणाने केलं. त्यात मेन न लिहिता क्लासवर उजवी क्लिक करून ऑब्जेक्ट बनवता येतो, तो खालच्या पट्टीत येऊन बसतो आणि त्याच्या मेथड एकेक करून चालवता येतात. ज्योचाच पाठ, जावाच्या अंगरख्यात. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ मध्ये तर पहिल्या प्रोग्रॅमवरचं ते सगळं ओझं अधिकृतपणे उतरलं. आता क्लासची चौकट आणि स्टॅटिक न लिहिता साधा मेन चालतो.

बरं झालं. पण यातून पहिल्या आठवड्याचा त्रास वाचतो, पेटीचा नाही. पहिला आठवडा सोपा झाल्यावर पुढची भिंत नाहीशी होत नाही, ती फक्त लवकर येते. पार्कमध्ये मोठ्या माणसांचं तेच झालं होतं.

म्हणून मी सध्या तीन गोष्टी करतो. पहिल्या दिवसापासून चालता क्लास देतो, तो वापरून आणि वाचून झाल्यावरच स्वतःचा लिहायला सांगतो. चार खांबांचा तक्ता शेवटच्या आठवड्यात दाखवतो, परीक्षेसाठी तो लागतोच, पण तोवर मुलांनी त्यातलं बरंचसं केलेलं असतं. आणि वाचनालयाचा प्रश्न दिला की लॅपटॉप मिटवायला लावतो. पोरं कार्डं लिहितात, मग एकेक जण एकेक कार्ड होऊन उभा राहतो आणि 'ही कादंबरी मिळेल का?' हा निरोप हातोहात फिरतो. तो जिथे अडकतो तिथे आराखडा चुकलेला असतो.

याला वेळ फार जातो. सिलॅबस मागे पडतो, जर्नल वेळेत भरत नाही, आणि 'सर, मल्टिपल इनहेरिटन्स कधी घेणार' हे टुमणं चालू राहतं. शिवाय दर बॅचला काही पोरं अशी उरतातच की फळ्यावर उलगडून दाखवल्यानंतरही प्रत आणि पुस्तक वेगळं करणं त्यांना स्वतःहून सुचत नाही. त्यांच्यासाठी आता मी दुसऱ्यांनी लिहिलेले लहान, धड प्रोग्रॅम वाचायला देऊ लागलो आहे, दर आठवड्याला एक. न लिहिता फक्त वाचायचं आणि कोण कुणाला काय विचारतो हे समासात टिपायचं. पुढच्या बॅचला हे पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करणार आहे.